खंडोबानं बाणाईची मेंढरं का मारली? (आणि चाकरी करणारे जगभरचे देव)

कऱ्हाकाठ

बाणाईची गोष्ट आपल्यातल्या बहुतेकांना तुकड्यातुकड्यानं माहीत असते. कुणी जागरणात ऐकलेली, कुणी आजीकडून, कुणी टीव्हीवर. आधी सलग सांगतो, मग प्रश्न विचारतो.

जेजुरीला म्हाळसा नांदतेय. नेवाशाच्या तिम्मशेट वाण्याची लेक, लिंगायत घरची. पालीला पौष पौर्णिमेला तिचं देवाशी लग्न लागलेलं. माहेर तालेवार, स्वभाव कडक. आणि देवाचा जीव जडलाय चंदनपुरीच्या धनगराच्या पोरीवर. कुणी सांगतं ती स्वप्नात आली, कुणी सांगतं शिकारीत दिसली. उजळ माथ्यानं जायची सोय नाही, म्हणून देव सारीपाट मांडतो. हरेल त्यानं बारा वर्षं घर सोडायचं, अशी पैज. देव ठरवून हरतो. म्हाळसेचा जिंकल्याचा आनंद सोंगट्या गोळा करेपर्यंतच टिकतो.

मग तो म्हातारा होतो. पाठीला बाक, अंगावर फाटकं कांबळं. चंदनपुरीत बाणाईच्या वाड्यावर जाऊन चाकरी मागतो. ती आधी हाकलते, मग ठेवून घेते. मेंढरं वळायची, लेंड्या लोटायच्या, मिळेल ते खायचं. गाण्यात नवलाख मेंढरं आहेत, त्यामुळे काम किती ते समजून घ्या. एक दिवस ती म्हणते, मेंढरं नदीवर नेऊन धुऊन आण. हा जातो आणि धोबी कापडं आपटतो तशी एकेक मेंढरू खडकावर आपटून धुतो. सगळा कळप मरून पडतो.

बाणाई छाती पिटत येते. म्हातारा म्हणतो, उठवतो सगळी, पण माझ्याशी लग्न कर. ती कबूल होते. तो भंडारा उधळतो आणि मेंढरं अंग झाडत उभी राहतात. पुढं तो तिला जेजुरीला आणतो आणि दारात म्हाळसा उभी. त्या भांडणावर वाघ्या-मुरळी रात्रीचा मोठा भाग काढतात.

प्रश्न असा. मार्तंडभैरव म्हणून नुसतं रूप दाखवलं असतं तरी काम झालं असतं. मग चाकरी कशाला? आणि मेंढरं मारायचं काय कारण? आज कुणी असं केलं तर आपण त्याला सरळ अडवणूक म्हणू. दुसऱ्या देशांच्या पुराणांत असा गुराखी किंवा मेंढपाळ झालेला देव आहे का, आणि तिथं पुढं काय होतं?

वळवाचा पाऊस

देवाला घराबाहेर पडायला हरावं लागलं. आमच्याकडे हरलो तरी परवानगी मिळत नाही.

पानगळ

देव नाही, पण माणूस आहे, आणि गोष्ट फार जवळची आहे. बायबलमधला याकोब. मामा लाबानाकडे मेंढरं राखायला राहतो, कारण मामाची धाकटी मुलगी राहेल त्याला आवडते. सात वर्षं राबायचं आणि मग लग्न, असा करार. सात वर्षं झाल्यावर रात्री तंबूत पाठवली जाते ती थोरली, लेआ. सकाळी उजेडात कळतं. मग राहेलसाठी आणखी सात वर्षांची बोली. त्यानंतरही तो सहा वर्षं कळपासाठी राबतो आणि मजुरी म्हणून ठिपकेदार, पट्टेदार जनावरं मागून घेतो. ती वाढावीत म्हणून पाण्याच्या कुंडाशी सोललेल्या फांद्या रोवतो. म्हणजे कळपावर काहीतरी करणी करणारा चाकर इथंही आहेच.

दोन बायका, मेंढरं, चाकरी, फसवाफसवी, सगळा ऐवज तोच. फरक एवढाच की याकोब फसतो आणि खंडोबा फसवतो.

तर्कटराव

अशा धाग्यांचं नेहमी एकच होतं. कुणीतरी म्हणतं 'अगदी अशीच गोष्ट ग्रीसमध्ये आहे', मग कुणी मिसरातून आणतं, आणि शेवटी सगळं एकच असल्याचा साक्षात्कार होतो. दोन बायका आणि मेंढरं जगात हजार ठिकाणी होती. माणसं मेंढरं पाळत होती म्हणून गोष्टीत मेंढरं आली. यात तुलना करण्यासारखं काय आहे?

त्यातून एक मूलभूत फरक आहे. ग्रीकांचे देव आता पुस्तकात आणि संग्रहालयात आहेत. खंडोबाला आजही लोक नवस बोलतात, लग्नानंतर जागरण घालतात. जित्या देवाची आणि संपलेल्या देवाची गोष्ट एका मापानं मोजता येत नाही.

पानगळ

@तर्कटराव, याकोबाला मानणारेही जिवंतच आहेत हो. :)

मेंढका

धनगर आहे, म्हणून बोलतो.

मेंढरं का धुतात ते आधी सांगतो, कारण ते माहीत नसलं की गोष्ट अर्धीच कळते. लोकर कातरायच्या आधी मेंढरं धुतात. मळ, काटेकुटे, लेंड्या लोकरीत घट्ट बसलेल्या असतात, तशी कातरायला गेलं की कातर चालत नाही. मेंढरू आपणहून पाण्यात उतरत नाही. एकाला ओढत न्यायचं, मान वर धरायची आणि दुसऱ्या हातानं पाठ-पोट चोळायचं. भिजलेली लोकर इतकी जड होते की दमलेलं जनावर खाली ओढलं जातं. कोकराला तर फारच जपावं लागतं. हे नवख्याचं काम नव्हे. चाकरीला नवा लागलेला म्हातारा एकटा नदीवर पाठवणं ही बाणाईनं घेतलेली परीक्षा आहे.

आमच्याकडं मी ऐकलेल्या गाण्यात म्हातारा बिलंदर असतो. धू म्हणालीस, मी धुतलं, यात माझं काय चुकलं, असा त्याचा आव. वाघ्या दिमडी काखेत मारतो आणि मेंढरू आपटून धुतल्याची नक्कल करतो, पिळून झटकून वाळत घालण्यापर्यंत. लोक लोटपोट होतात. मग मुरळी बाणाईचा आक्रोश उचलते आणि ज्यांच्या घरी मेंढरं आहेत त्या बायका डोळ्याला पदर लावतात. एका रोगाच्या साथीत कळप गेलेला बघितलेल्या माणसाला ते गाणं बसून ऐकवत नाही. हसणं आणि रडणं यांत तुणतुण्याचे दोनचार ठोके असतात फक्त.

तेव्हा 'का मारली' हे कागदावर शोधू नका. वाघ्यानं हशा घेतला तर एक कारण, मुरळीनं गळा काढला तर दुसरं.

चांदणवेल

मेंढका, हा प्रतिसाद म्हणजे धाग्याचं सोनं झालं. दंडवत.

उत्तरायण

मारून पुन्हा उठवायचा धागा धरला तर नॉर्स पुराणातला थॉर आठवतो. त्याच्या रथाला दोन बोकड. प्रवासात मुक्काम पडला की तो तेच बोकड कापून शिजवतो, यजमानांनाही बसवतो. अट एकच, हाडं मोडायची नाहीत, सगळी कातड्यावर परत टाकायची. सकाळी तो हातोडा उगारून मंत्रवतो आणि बोकड उठून उभे. एकदा शेतकऱ्याच्या पोरानं, थ्यालफीनं, आतला मगज खायला मांडीचं हाड फोडलं. सकाळी एक बोकड लंगडा उठला. थॉर असा भडकला की शेतकऱ्यानं भीतीनं मुलगा आणि मुलगी दोघंही त्याला चाकरीला देऊन टाकली.

म्हणजे तिकडं जनावर मारून उठवण्यातून माणसं देवाची चाकर होतात. इकडं देव आधीच माणसाचा चाकर आहे आणि मेंढरं उठल्यावर चाकरीतून सुटतो. शिवाय आपल्याकडं एकही मेंढरू लंगडं उठत नाही. भंडाऱ्याचा हिशेब चोख.

टोचण

लंगडं उठलं असतं तर बाणाईनं लग्नाआधी नुकसानभरपाई मागितली असती.

दिवटी

तर्कटरावांचा आक्षेप मला अर्धा पटतो. सारखेपणा मोजत बसलं की हाती फारसं लागत नाही. पण दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की एक गोष्ट कुठं वळायचं नाकारते ते दिसतं, आणि मला तरी त्यात रस आहे. एक उदाहरण देते.

देव गुराखी होतो अशी ग्रीकांची प्रसिद्ध कथा अपोलोची. त्याचा मुलगा अस्क्लेपिअस हा थोर वैद्य. इतका की त्यानं मेलेल्याला उठवलं. ते झ्यूसला खपलं नाही. माणसं मरेनाशी झाली तर जगाची घडी विस्कटेल, म्हणून त्यानं वज्र टाकून त्याला मारलं. अपोलो चिडला, पण बापावर हात उचलता येईना, म्हणून वज्र घडवणाऱ्या एकाक्ष सायक्लोपांना त्यानं ठार केलं. याची शिक्षा म्हणजे एका मर्त्य राजाची चाकरी. थेसलीतल्या फेराय गावचा राजा अ‍ॅडमेटस, त्याची गुरं अपोलो राखतो. राजा भला निघतो, म्हणून अपोलोही खूश, गायींना जुळी होतात. पुढं राजाला अल्सेस्टिस हवी असते. तिच्या बापाची अट अशी की सिंह आणि रानडुक्कर एका रथाला जुंपून आणायचे. अपोलो तेही करून देतो. म्हणजे गुराखी देव लग्न जमवतो, पण धन्याचं!

आता जेजुरीशी ताडून बघा. ग्रीक कथेत मेलेल्याला उठवणं हा मूळ गुन्हा आहे आणि गुरं राखणं ही त्याची फरफटत आलेली शिक्षा. आपल्याकडं क्रम उलटा. देव आधी गुराखी होतो, तेही स्वतःहून, आणि मेलेल्याला उठवतो ते लग्नासाठी. वरून वज्र पडत नाही. यमही तक्रार घेऊन येत नाही. मृत्यूची हद्द ओलांडणं ग्रीकांच्या कथेत इतकं धोक्याचं आहे की देवाच्या मुलालाही माफी नाही. वाघ्याच्या गाण्यात ती मूठभर हळदीची बाब आहे. दोन्हीकडं गुराखी देव आहे म्हणून मी ही तुलना करत नाहीये. मृत्यूबद्दल या दोन कथा किती वेगळं बोलतायत ते या जोडीमुळं ऐकू येतं.

तर्कटराव

@दिवटी, अशी तुलना असेल तर माझी हरकत नाही. तरी एक विचारतो. हळदीच्या मुठीचं हलकेपण मेंढरांपुरतं आहे की माणसांपुरतंही? जनावर उठवलं म्हणून घडी विस्कटत नसेल.

दिवटी

विचारात पाडलंत. आपल्याकडं माणसासाठी सावित्रीला यमाशी वाद घालावाच लागतो, हे खरं.

सालस

सगळे इतके रमलेत म्हणून थोडा विरस करते. कऱ्हाकाठ यांनी 'अडवणूक' हा शब्द वापरला आणि नंतर कुणी तिकडं वळलंच नाही. एका बाईची सगळी जिंदगी मारायची आणि परत हवी असेल तर लग्न कर म्हणायचं. तिची कबुली ही कबुली आहे का?

आणि ज्या जागरणाचं एवढं कौतुक चाललंय तिथल्या मुरळ्या कुठून यायच्या? नवस फेडायला पोरी देवाला सोडलेल्या असायच्या. खंडोबाशी लग्न लावलं की माणसाशी लग्न नाही, आणि मग वाट्याला काय यायचं ते सांगायला नको. पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच या चालीविरुद्ध जागृती सुरू केली. १९३४मध्ये मुंबई इलाख्यात कायदा झाला. देवानं बाणाईची चाकरी केली हे ऐकायला गोड आहे, पण देवाच्या नावानं चाकरी केली ती या पोरींनी.

मेंढका

खरं आहे ताई. यावर वाद नाही. आता गाणाऱ्या पुष्कळ जणी संसारी आहेत, पोटासाठी कला म्हणून करतात. पण जुन्या बायकांचं जे झालं ते झालंच.

भिजलं कांबळं

सालस यांचा मुद्दा धरून दक्षिणेतली एक जोडी देतो. तमिळ मुरुगन आणि वळ्ळी. मुरुगनाची पहिली बायको देवसेना, इंद्राची मुलगी, म्हणजे घरंदाज सोयरीक. वळ्ळी ही डोंगरातल्या शिकाऱ्यांच्या घरची पोर, माळ्यावर बसून राळ्याचं शेत राखते. मुरुगन म्हातारा होऊन येतो, खायला मागतो, पाणी मागतो, मग थेट लग्नाची मागणी घालतो. ती फटकारते. तो भाऊ गणपतीला हाक मारतो, गणपती रानहत्ती होऊन येतो, वळ्ळी घाबरून म्हाताऱ्याला बिलगते, आणि हत्ती घालवायचा तर लग्न कर, हीच अट!

थोरली प्रतिष्ठित घरची, धाकटी रानातली, देव म्हातारा, आधी संकट मग अट. याकोबाच्या गोष्टीपेक्षा ही कितीतरी जवळची. दबाव दोन्हीकडं आहे, पण वळ्ळीचं नुकसान काही होत नाही, नुसती भीती. बाणाईचं धन खरोखर मरतं.

तुंगभद्रा

ग्रीस, नॉर्वे करून झालं, आता शेजारी बघू या का? तेलंगणात मल्लन्ना, कर्नाटकात मैलार, ही याच देवाची भावंडं म्हणा किंवा रूपं म्हणा. कोमुरवेल्लीच्या मल्लन्नाला दोन बायका, मेडलम्मा आणि केतम्मा. त्यातली केतम्मा गोल्ल, म्हणजे गुरं-मेंढरं राखणाऱ्या समाजातली. त्याची कथा ओग्गू कथावाले रात्रभर गातात आणि ते गाणारे परंपरेनं कुरुमा, म्हणजे तिकडचे मेंढपाळच. गुंथर सोंथायमर या जर्मन अभ्यासकानं धनगरांच्या वाड्यांवर राहून खंडोबा-बिरोबावर आयुष्यभर काम केलं ते याच पट्ट्यात.

दख्खनच्या या कोरड्या पट्ट्यात एका गावात पेठ असते आणि माळावर कळप असतात. पेठेतल्या वाण्याला लोकर हवी, खत हवं, मेंढपाळाला धान्य हवं, बाजार हवा. देवाची एक बायको पेठेतली आणि एक माळावरची, हे मला तरी योगायोगाचं वाटत नाही. सोयरीक देवाच्या घरात लागते, कारण माणसांच्या घरात ती लागणार नव्हती.

टोचण

देवानं आंतरजातीय विवाह केला, भक्तांनी पत्रिका जुळवत बसायचं.

पानगळ

सारीपाटाबद्दल कुणीच बोललं नाही. वेरूळला शिव-पार्वती सारीपाट खेळतायत अशी शिल्पं आहेत, २१ आणि २९ क्रमांकाच्या लेण्यांत बघा. नंदीच्या भोवती गणांचा धिंगाणा चाललेला असतो. पुराणातही शिव पार्वतीशी हरतो, पार लंगोटीपर्यंत हरतो आणि रुसून निघून जातो. म्हणजे खंडोबाला हा हरण्याचा वारसा घरातूनच आहे. बारा वर्षांचा वनवास मात्र पांडवांकडून उचलल्यासारखा वाटतो.

मिसरात याच्या अगदी उलट. तिथं थोथ देव चंद्राशी सोंगट्या खेळून जिंकतो आणि त्या जिंकलेल्या उजेडातून वर्षाला पाच दिवस जोडतो, ते नूत देवीला बाळंत व्हायला लागतात. प्लुटार्कनं नोंदवलंय. आपला देव खेळात बारा वर्षं घालवतो, त्यांचा पाच दिवस कमावतो.

वळवाचा पाऊस

पाच दिवस कमावून देणारा देव आमच्या ऑफिसला पाठवा.

चांदणवेल

नुसतं वाचत होते, आता राहवत नाही. सगळे बाणाईला का छळलं ते शोधताय, म्हाळसेचं काय? नवरा हरला, पैजेप्रमाणे गेला, बारा वर्षांनी सवत घेऊन आला. पैज जिंकलेली बाई प्रत्यक्षात हरली. बायबलमधली लेआ निदान सौदा तरी करते. तिचा मुलगा शेतातून दुदाईची फळं आणतो (मूल व्हावं म्हणून खातात ती), राहेलला ती हवी असतात, लेआ म्हणते फळं घे पण आज रात्री नवरा माझ्याकडे. याकोब संध्याकाळी रानातून येतो तोवर त्याचा व्यवहार झालेला! म्हाळसेकडं असं काय होतं?

मेंढका

तिच्याकडं तोंड होतं! भांडणाचं गाणं ऐका कधी. म्हाळसा म्हणते धनगरणीच्या अंगाला मेंढराचा वास येतो, माझ्या घरात पाऊल टाकायचं नाही. बाणाईही गप्प बसत नाही, वाण्याच्या घरच्या नुसत्या तोऱ्याचे वाभाडे काढते. ज्याच्या घरी जागरण असेल त्याप्रमाणं गाणारे कमीजास्त करतात. वाण्याच्या ओसरीवर म्हाळसा जिंकते, आमच्या वाड्यावर बाणाई. शेवटी तोडगा निघतो तो जेजुरीला जाणाऱ्यांनी पायऱ्यांवर बघितलेलाच आहे. वर गडावर देवाशेजारी म्हाळसा आणि बाणाईचं देऊळ अर्ध्या डोंगरात. वर जाणारा आधी तिच्या दारावरून जातो.

कऱ्हाकाठ

एवढ्या प्रतिसादांबद्दल आभार. मूळ प्रश्नावर येतो, कारण तुमच्या उत्तरांतून मला एक दिसलं.

मेंढरं मरेपर्यंत बाणाई मालकीण आहे आणि तो गडी. गडी म्हणून मागणी घातली तर ती दारातून हाकलणार. देव म्हणून रूप दाखवलं तर ती पाया पडणार, आणि पाया पडणारी बाई भक्त होते, बायको होत नाही. दोन्हीकडून वाट बंद. मेंढरं मेल्यावर ती क्षणभर निष्कांचन होते आणि तोही गडी उरत नाही, कारण राखायला काही राहिलंच नाही. तेवढ्या फटीत तो मागणी घालतो. सालस म्हणतात तशी ती अडवणूक आहेच, मी ती झाकत नाही. पण थॉरच्या शेतकऱ्यासारखी बाणाई चाकर होऊन जात नाही. कळप तिचा तिला परत मिळतो आणि जेजुरीला जाऊन ती थोरलीशी बरोबरीनं भांडते.

संस्कृत मल्हारी माहात्म्याचा सगळा भर मणी-मल्ल या दैत्यांच्या वधावर आहे. बाणाई जगली ती गाण्यांत, त्यामुळे एकच उत्तर मिळेल ही अपेक्षा नाही.

सालस

'तेवढ्या फटीत' हे तुम्ही फार मायेनं लिहिलंय. ती फट त्यानंच पाडली आहे. बाकी बरोबरीनं भांडण्याचा मुद्दा मान्य.

तर्कटराव

मान्य नाही, पण वाचनीय. मला अजूनही मेंढकांचं उत्तर जास्त पटतं.

तुंगभद्रा

@मेंढका, ते भांडणाचं गाणं दोन्ही बाजूंनी म्हणणारे कुणी ओळखीचे असतील तर ध्वनिमुद्रण करून ठेवा, आणि वाण्याकडचं आणि वाड्यावरचं दोन्ही करा. केतम्माचं भांडण ओग्गूवाल्यांकडून मिळवायचा प्रयत्न मी करतो.

मेंढका

दिवाळीनंतर कळप खाली उतरतात, तेव्हा वाड्यावरचं होईल. वाण्याकडचं तुम्ही बघा, आम्हाला तिथं पुढच्या रांगेत बसवत नाहीत. :)